सत्तावन्न टक्के आणि तरीही नापास: ब्रिटिश कोलंबियाच्या नागरिक सभेचे प्रकरण

१७ मे २००५ रोजी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या मतदारांपुढे दोन प्रश्न होते. पहिला नेहमीचा: विधानसभेत कोणाला पाठवायचे? दुसरा सार्वमताचा: नागरिक सभेने सुचवलेली नवी निवडणूक पद्धत स्वीकारायची का, हो की नाही? मोजणी झाली तेव्हा ५७.६९ टक्के मते ‘हो’च्या बाजूने होती आणि ७९ पैकी ७७ मतदारसंघांत ‘हो’ला बहुमत होते. प्रस्ताव तरीही पडला, कारण मंजुरीसाठी ६० टक्क्यांची अट होती. चार वर्षांनी तोच प्रस्ताव पुन्हा मतदारांपुढे आला. या वेळी ‘हो’ म्हणणारे भरले ३९.०९ टक्के.

चर्चाधिष्ठित लोकशाहीबद्दल लिहिणारे लोक हे प्रकरण मोठ्या जिव्हाळ्याने सांगतात आणि बहुतेक वेळा पूर्वार्धातच रमतात. पूर्वार्ध आहेही तसा देखणा. चिठ्ठ्या टाकून निवडलेले १६० सामान्य नागरिक जवळजवळ वर्षभर एक किचकट विषय शिकतात, लोकांचे ऐकतात, वाद घालतात आणि जवळपास एकमताने निर्णय घेतात. मला उत्तरार्धात जास्त रस आहे. अहवाल छापून झाल्यापासून मतदानाच्या दिवसापर्यंत जे झाले, आणि जे करायला हवे होते पण झाले नाही, तिथे या सिद्धान्ताची खरी अडचण उघडी पडते.

हा खटाटोप कशासाठी?

कॅनडात ब्रिटिश वळणाची पद्धत आहे. मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून येतो, मग ती मते तीस टक्के असोत की साठ. १९९६ च्या निवडणुकीत या पद्धतीने एक चमत्कार घडवला. गॉर्डन कॅम्पबेल यांच्या लिबरल पक्षाला जवळजवळ ४२ टक्के मते पडली आणि ३३ जागा मिळाल्या. न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला साडेएकोणचाळीस टक्क्यांच्या आसपास मते पडली आणि ७५ पैकी ३९ जागांसह त्याने सरकार स्थापन केले. जास्त मते मिळवून हरलेल्या कॅम्पबेल यांनी निवडणूक पद्धतीचा विचार नागरिकांच्या हाती सोपवण्याचे आश्वासन दिले.

पुढची निवडणूक २००१ ची. त्यात लंबक दुसऱ्या टोकाला गेला. लिबरल पक्षाला ५७.६२ टक्के मते आणि ७९ पैकी ७७ जागा. न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला साडेएकवीस टक्के मते आणि दोन जागा. ग्रीन पक्षाला बारा टक्क्यांहून जास्त मते आणि शून्य जागा. विधानसभेत विरोधी पक्ष नावापुरताच उरला. ज्या पद्धतीने आपल्याला ७७ जागा दिल्या ती मोडून पाहण्याची संधी दुसऱ्यांना देणारा नेता विरळा. कॅम्पबेल प्रीमियर (प्रांताचे मुख्यमंत्री) झाले आणि त्यांनी शब्द पाळला, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

हा निर्णय राजकारण्यांनी घेऊ नये असे का वाटले, याचे उत्तर प्रांताच्याच इतिहासात सापडते. १९५२ च्या निवडणुकीसाठी तिथल्या सत्ताधारी आघाडीने डाव्या पक्षाला रोखण्यासाठी पसंतीक्रमाची मतपत्रिका आणली. हिशेब असा की आघाडीतल्या दोन्ही पक्षांचे मतदार दुसरी पसंती एकमेकांना देतील. प्रत्यक्षात दोन्ही पक्ष भुईसपाट झाले आणि तोवर कुणी फारसे मनावर न घेतलेला सोशल क्रेडिट पक्ष १९ जागांसह पुढे आला. डाव्यांना १८ मिळाल्या. १९५३ मध्ये आणखी एक निवडणूक तशी झाली आणि मग पद्धत गुंडाळली गेली. खेळाचे नियम खेळाडूंनीच ठरवले की ते कुणाच्या तरी सोयीचे ठरतात, आणि कधीकधी सोय उलटतेसुद्धा.

सिद्धान्त काय म्हणतो

नेहमीची लोकशाही असे धरून चालते की प्रत्येकाचे मत आधीच तयार असते आणि आपले काम ते नीट मोजण्याचे. चर्चाधिष्ठित लोकशाहीची मांडणी या गृहीतकालाच हात घालते. राज्यशास्त्रज्ञ जोसेफ बेसेट यांनी १९८० मध्ये ही संज्ञा वापरली. युर्गेन हाबरमास आणि जोशुआ कोहेन या तत्त्वज्ञांनी तिला तात्त्विक पाया दिला. निर्णय वैध ठरायचा तर त्याच्यामागे नुसती संख्या पुरत नाही; ज्यांच्यावर तो लागू होणार त्यांच्यापुढे कारणे मांडली गेली पाहिजेत, ती तपासली गेली पाहिजेत, आणि या देवघेवीत चांगल्या युक्तिवादाखेरीज दुसरे कुठले बळ चालता कामा नये.

व्यवहारात आणायला हे अवघड. राज्यशास्त्रज्ञ जेम्स फिशकिन यांनी अडचण नेमकी पकडली आहे. राजकीय समता, सर्वांचा सहभाग आणि खोल चर्चा या तिन्ही गोष्टी एका वेळी साधत नाहीत. सगळ्यांना सहभागी करून घ्या, चर्चा उथळ होते. खोल चर्चा करा, ती मूठभर उत्साही आणि शिकलेल्या लोकांत होते आणि समता जाते. यावर तोडगा म्हणजे सोडत. सगळ्यांमधून चिठ्ठीने थोडे लोक निवडा, म्हणजे कुणालाही समान संधी. आणि थोडे आहेत म्हणून चर्चा खोल. अथेन्समधले पाचशे जणांचे मंडळ असेच सोडतीने भरत असे. मात्र यात ‘सर्वांचा सहभाग’ सुटतोच. ब्रिटिश कोलंबियाने तो सार्वमताच्या वाटेने परत आणायचे ठरवले: आधी थोड्यांची चर्चा, मग सगळ्यांचे मत. कागदावर ही रचना फिशकिन यांच्या कोड्याचे सर्वांत धीट उत्तर होती.

१६० जण

रचनेचा आराखडा गॉर्डन गिब्सन यांनी केला. ते पूर्वी याच प्रांतातल्या लिबरल पक्षाचे नेते होते. विधानसभेने तो २००३ मध्ये एकमताने मान्य केला. प्रत्येक मतदारसंघातून एक स्त्री आणि एक पुरुष, म्हणजे १५८ सभासद. सायमन फ्रेझर विद्यापीठाचे माजी अध्यक्ष जॅक ब्लेनी अध्यक्षस्थानी. मतदारयादीतून वय आणि लिंग यांचा तोल सांभाळत सुमारे २३ हजार लोकांना पत्रे गेली. ज्यांनी रस दाखवला त्यांना निवडीच्या बैठकांना बोलावून काम समजावून सांगितले गेले, आणि तयारी असलेल्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढल्या गेल्या. लोकप्रतिनिधी आणि पक्षांचे पदाधिकारी बाद होते. निवड झाल्यावर लक्षात आले की मूळनिवासी समाजातले कुणीच आलेले नाही, म्हणून त्या समाजातले दोन सभासद वेगळे घेतले गेले.

हा शेवटचा तपशील मुद्दाम सांगतो. सोडत म्हटली की ‘समाजाची हुबेहूब प्रतिकृती’ असा शब्दप्रयोग सर्रास होतो. पण २३ हजारांपैकी जे ‘येतो’ म्हणाले त्यांच्यातच चिठ्ठी पडली. वर्षभराचे शनिवार-रविवार द्यायला तयार होणारा माणूस सरासरी माणसापेक्षा थोडा जास्त शिकलेला आणि सार्वजनिक कामात थोडा जास्त रस घेणारा असणारच. वय आणि लिंग यांचा तोल राखला गेला. वंश, उत्पन्न, शिक्षण यांचा तोल नशिबावर सोडला गेला. तरीही कुठल्याही निवडून आलेल्या सभागृहाशी तुलना केली तर ही सभा प्रांतासारखी कितीतरी जास्त दिसत होती. निम्म्या स्त्रिया असलेले विधिमंडळ तेव्हा तिथे कुणी पाहिलेले नव्हते.

सभासदांना दिवसाला १५० डॉलर मानधन होते. प्रवास आणि मुक्कामाचा खर्च वेगळा. एकूण खर्च सुमारे ५५ लाख कॅनडियन डॉलर. ही रक्कम पुढे पुन्हा येणार आहे.

शिकणे, ऐकणे, ठरवणे

जानेवारी ते मार्च २००४ हा शिकण्याचा टप्पा. व्हँकूव्हरमधल्या एका वर्तुळाकार सभागृहात एक आठवडाअखेर सोडून दुसऱ्या आठवडाअखेरी सभा भरे. संशोधनाची बाजू ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक केन कार्टी सांभाळत होते. सकाळी व्याख्यान, मग दहा-बारा जणांचे गट. गटाचे सूत्रसंचालन राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे. आपली पसंती सांगायची नाही, सगळ्या पद्धतींचे गुणदोष मांडायचे, असा शिकवणाऱ्यांवर दंडक होता. आयर्लंडमध्ये काय होते, न्यूझीलंडने काय बदलले, जुनी पद्धत ठेवण्याच्या बाजूने काय म्हणता येते, हे सगळे वर्गात आले. उपस्थिती शेवटपर्यंत जवळजवळ पूर्ण राहिली. चिठ्ठीने आलेल्या लोकांनी अकरा महिने गळती न होता काम करावे, याची फारशी कुणाला अपेक्षा नव्हती.

मे आणि जूनमध्ये प्रांतभर ५० जाहीर सुनावण्या झाल्या. सुमारे ३ हजार लोक आले आणि १,६०३ लेखी निवेदने जमली. सुनावणीला येणारा माणूस बहुधा मत ठरवूनच आलेला असतो, तसे इथेही होते. बहुतेकांना बदल हवा होता, आणि त्यांच्यात मिश्र प्रमाणशीर पद्धतीचा आग्रह जोरदार होता. या पद्धतीत मतदार दोन मते देतो. एक आपल्या भागातल्या उमेदवाराला, दुसरे पक्षाला. पक्षाच्या टक्केवारीचा हिशेब यादीतल्या उमेदवारांनी पुरा केला जातो.

सभेने मात्र शेवटी वेगळी वाट धरली, आणि माझ्या मते या प्रकरणातला बौद्धिकदृष्ट्या सर्वांत समृद्ध भाग हाच आहे. शरद ऋतूत सभा पुन्हा बसली तेव्हा तिने आधी तीन कसोट्या पक्क्या केल्या: मतांच्या प्रमाणात जागा, आपल्या भागाचा आपला प्रतिनिधी, आणि मतदाराला जास्त पर्याय. मग या कसोट्यांवर उतरतील अशा दोन पद्धतींचे पूर्ण आराखडे स्वतः तयार केले. एक मिश्र प्रमाणशीर, दुसरी एकल संक्रमणीय मताची, म्हणजे एका मोठ्या मतदारसंघातून अनेक जण निवडायचे आणि मतदाराने उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा.

तिसऱ्या कसोटीने पारडे फिरवले. मिश्र पद्धतीत यादी पक्ष करतो, म्हणजे काही आमदार लोकांपेक्षा पक्षाच्या कार्यालयाला जास्त बांधील होतात. पक्षशिस्तीचा अतिरेक ही सभासदांची, आणि सुनावण्यांत ऐकलेल्या अनेकांची, मोठी तक्रार होती. संक्रमणीय मतात यादी नाही. एकाच पक्षाचे तीन उमेदवार असतील तर त्यातला कोणता वर हे मतदार ठरवतो. उत्तरेकडच्या सभासदांची भीती वेगळी होती. तिथले मतदारसंघ आधीच अवाढव्य आणि विरळ वस्तीचे. अनेक मतदारसंघ जोडून एक केला तर आमदार भेटणार कधी? ही भीती बहुमताच्या जोरावर दामटली गेली नाही. आराखडाच बदलला. विरळ भागात दोन-तीन जागांचे मतदारसंघ आणि शहरात सात जागांपर्यंतचे, असा लवचीक नियम आला. प्रमाणशीरपणात थोडी घट पत्करून घेतलेली ही तडजोड होती. हाबरमास वाचून ‘चांगल्या युक्तिवादाचे बळ’ म्हणजे काय हे जितके कळत नाही तितके या एका नियमावरून कळते.

२३ ऑक्टोबर २००४ रोजी दोन पद्धतींत निवड झाली: संक्रमणीय मताला १२३, मिश्र पद्धतीला ३१. दुसऱ्या दिवशी दोन प्रश्न. सध्याची पद्धत ठेवायची का? ११ हो, १४२ नाही. नवी पद्धत लोकांपुढे ठेवायची का? १४६ हो, ७ नाही. आदल्या दिवशी हरलेल्या ३१ जणांपैकी बहुतेकांनी दुसऱ्या दिवशी सभेबरोबर मत दिले, हे त्या आकड्यांवरून सरळ दिसते.

जी गोष्ट सांगायला तीन महिने लागले

आता ही पद्धत चालते कशी ते बघू, कारण पुढचे सगळे रामायण इथून सुरू होते.

समजा, पाच जागांचा मतदारसंघ आहे आणि ६० हजार वैध मते पडली. मतदाराने उमेदवारांपुढे १, २, ३ असे क्रम घातले आहेत. निवडून येण्यासाठी लागणारा कोटा काढायचा: ६० हजारांना सहाने भागा आणि एक मिळवा, म्हणजे १०,००१. एका उमेदवाराला पहिल्या पसंतीची १२ हजार मते पडली. तो निवडून आला आणि त्याच्याकडे १,९९९ मते जास्तीची राहिली. ती वाया जाऊ द्यायची नाहीत. पण १२ हजारांपैकी ‘जास्तीच्या’ मतपत्रिका कोणत्या? ब्रिटिश कोलंबियाच्या आराखड्याचे उत्तर: सगळ्याच. बाराही हजार मतपत्रिका त्यांच्यावरच्या दुसऱ्या पसंतीकडे जातात, पण प्रत्येकीची किंमत सुमारे एक-षष्ठांश धरून. त्यानंतर कुणीच कोट्याला पोचले नाही तर सर्वांत खालचा उमेदवार बाद, आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे. पाच जागा भरेपर्यंत हे चालू.

यात तर्कदुष्ट काही नाही. मतदाराला करायचे काम तर सोपे आहे. नुसते क्रम घालायचे. पण ‘माझ्या मताचे शेवटी काय झाले?’ या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. जुन्या पद्धतीचे देता येते. १६० जणांनी हा हिशेब वर्गात बसून, प्रश्न विचारून, नमुन्याच्या मतपत्रिका भरून आत्मसात केला होता. प्रांतात मतदार होते लाखो.

डिसेंबर ते मे

डिसेंबर २००४ मध्ये अहवाल आला. तो घरोघरी पाठवला गेला. आणि सभा विसर्जित झाली.

नेमकी इथे रचना संपते. मतदानाला पाच महिन्यांहून जास्त काळ शिल्लक होता, आणि त्या काळात चर्चा घडवून आणणे ही कुणाचीच जबाबदारी नव्हती. ‘हो’ आणि ‘नाही’ या बाजूंना प्रचारासाठी सरकारी पैसा नव्हता. सरकारने माहिती कार्यालय उघडले, तेही बेताचे. प्रीमियर तटस्थ राहिले आणि प्रमुख पक्षांनीही अधिकृत भूमिका घेतली नाही. सभेचे अनेक माजी सभासद स्वतःच्या वेळेत, पदरमोड करून गावोगाव बोलत फिरले. काल ज्यांच्या प्रवासाची आणि मुक्कामाची काळजी सरकार घेत होते, ते आज हौशी प्रचारक झाले होते.

राजकारण्यांचे मौन सद्हेतूने होते असे मी मानतो. लोकांच्या प्रक्रियेत ढवळाढवळ नको, अशी त्यामागची भावना. परिणाम मात्र उलटा झाला. पक्षांनी बाजू घेतली की वाद पेटतो, वाद पेटला की वर्तमानपत्रे पाने भरतात आणि लोक कान देतात. चर्चेचे इंधन मतभेद असते. इथे मतभेदच जाहीरपणे मांडला गेला नाही, आणि निवडणुकीच्या धामधुमीत सार्वमत कोपऱ्यात पडले.

मोहिमेच्या काळात अभ्यासकांनी मतदारांच्या पाहण्या केल्या, त्यातून एक फार महत्त्वाची गोष्ट पुढे आली. अनेक मतदारांना नव्या पद्धतीबद्दल जेमतेम माहिती होती. पण ज्यांना सभेबद्दल माहीत होते, म्हणजे हे काम आपल्यासारख्याच साध्या लोकांनी केले आहे हे ठाऊक होते, ते पद्धत न समजताही ‘हो’कडे झुकत होते. ‘त्यांनी अभ्यास केलाय, त्यांचा यात स्वार्थ नाही, ते म्हणतात तर ठीक असेल’ असा तो कौल होता.

मग निकाल आला आणि त्यातला योगायोग बोचरा आहे. २००१ मध्ये लिबरल पक्षाला ५७.६२ टक्के मते आणि ७९ पैकी ७७ जागा मिळाल्या, आणि ते प्रचंड जनादेश म्हणून साजरे झाले. २००५ मध्ये प्रस्तावाला ५७.६९ टक्के मते आणि ७९ पैकी ७७ मतदारसंघांत बहुमत मिळाले, आणि तो नामंजूर ठरला. दुसरी अटही होती, किमान ४८ मतदारसंघांत बहुमताची. ती सहज पार झाली होती.

६० टक्क्यांच्या अटीवर बरेच दात-ओठ खाल्ले गेले आहेत. मी तिला खलनायक मानत नाही. निवडणुकीचे नियम साध्या कायद्यापेक्षा घट्ट असावेत हे म्हणणे वाजवी आहे, आणि अट निकाल पाहून घातलेली नव्हती, आधीच जाहीर होती. माझी तक्रार तिच्या जोडीला काही नव्हते याबद्दल आहे. उंच कुंपण घालायचे आणि शिडी ठेवायची नाही, असा तो प्रकार झाला. ज्या सरकारला तीन-पंचमांश मते हवी होती त्यानेच ती मते समजून-उमजून तयार होण्याची व्यवस्था केली नाही.

२००९

कॅम्पबेल सरकारला ५७.६९ टक्के नाकारून गप्प बसणे जड गेले. दुसरे सार्वमत १२ मे २००९ रोजी झाले. या वेळी दोन्ही बाजूंना प्रत्येकी ५ लाख डॉलर दिले गेले आणि नव्या मतदारसंघांचे नकाशेही उपलब्ध होते. वरवर पाहता पहिल्या वेळचे दोष दूर झाले होते. पाठिंबा मात्र साडेअठरा टक्क्यांहून जास्त घसरला.

कारणे अनेक सांगितली जातात. प्रश्नाची भाषा बदलली होती; आधी ‘नागरिक सभेने सुचवलेली पद्धत स्वीकारायची का’ असे विचारले होते, आता जुनी पद्धत आणि नवी पद्धत शेजारी-शेजारी ठेवून एक निवडायला सांगितले. ‘नाही’च्या बाजूला संघटित प्रचार करता आला, आणि गुंतागुंतीच्या हिशेबाची भीती दाखवणे हा सोपा प्रचार आहे. नकाशे समोर आल्यावर उत्तरेचे प्रचंड मतदारसंघ नजरेत भरले. शिवाय २००१ ची एकतर्फी विधानसभा विस्मरणात गेली होती. २००५ मध्ये विरोधकांना ३३ जागा मिळून सगळे पूर्ववत वाटू लागले होते. ही शेवटची दोन कारणे मला सर्वांत वजनदार वाटतात.

पण या सगळ्यांच्या तळाशी आणखी एक गोष्ट आहे. सभा संपून साडेचार वर्षे झाली होती. नागरिक सभेने सुचवलेली पद्धत असा उल्लेख मतपत्रिकेवर होता, पण ते लोक कुठे दिसत नव्हते. २००५ मध्ये मतदारांपर्यंत जे पोचले होते तो सभेवरचा विश्वास होता. सभेत तयार झालेली समज पोचली नव्हती. विश्वास ओसरल्यावर मागे उरली ती एक अपरिचित, किचकट पद्धत.

तत्त्वज्ञांचा वाद आणि हे प्रकरण

क्रिस्टिना लाफोंट या तत्त्वज्ञ अशा सभांवर मूलगामी आक्षेप घेतात. सभासद शिकायला लागले त्या क्षणापासून ते बाकीच्या समाजासारखे राहत नाहीत. तोच तर उद्देश असतो. मग त्यांचा निष्कर्ष ‘लोकांचा’ कसा? बाकीच्यांनी तो नुसत्या भरवशावर मानायचा असेल तर ती आंधळी अधीनता झाली. लोकशाहीचा जवळचा रस्ता म्हणून आपण जो धरतो तो लोकशाहीकडे जातच नाही.

दुसऱ्या बाजूला राज्यशास्त्रज्ञ मार्क वॉरन आणि त्यांचे सहकारी म्हणतात की आधुनिक जगात प्रत्येक विषय प्रत्येकाला कळणे अशक्य आहे. आपण कुणाच्या तरी सांगण्यावर विसंबतोच: पक्ष, पुढारी, वर्तमानपत्र. त्यापेक्षा स्वार्थ नसलेल्या आणि अभ्यास केलेल्या सहनागरिकांवर विसंबणे बरे.

ब्रिटिश कोलंबियाच्या दोन सार्वमतांकडे पाहिले तर २००५ चा निकाल वॉरन यांच्या बाजूने साक्ष देतो आणि २००९ चा लाफोंट यांच्या. उसना विश्वास एका मतदानापुरता चालतो, तोही सभेची आठवण ताजी असेल तर. प्रतिप्रचारापुढे टिकायचे तर मतदाराजवळ स्वतःची दोन कारणे लागतात. मी या वादात लाफोंट यांच्याकडे थोडा जास्त झुकतो. पण त्यांचा आक्षेप सभा भरवण्याच्या विरोधात जातो असे मला वाटत नाही. तो सभा संपल्यावर घरी जाण्याच्या विरोधात जातो.

शेजारच्या उदाहरणांची इथे थोडक्यात नोंद पुरे. ऑन्टॅरिओ प्रांताने २००६-०७ मध्ये हाच नमुना उचलला, १०३ सभासद घेतले, मिश्र प्रमाणशीर पद्धत सुचवली आणि ऑक्टोबर २००७ च्या सार्वमतात ३६.९ टक्क्यांवर आपटली. आयर्लंडने २०१२ च्या संविधान परिषदेत ६६ नागरिकांबरोबर ३३ राजकारणी बसवले, आणि तिथून निघालेला समलिंगी विवाहाचा प्रस्ताव मे २०१५ मध्ये ६२ टक्के मतांनी मंजूर झाला. यावरून ‘राजकारण्यांना आत घ्या म्हणजे जमते’ असा धडा काढला जातो. तो अर्धवट आहे. विवाह म्हणजे काय हे कुणाला समजावावे लागत नाही. कोटा आणि एक-षष्ठांश किमतीची मते समजवावी लागतात. एवढे खरे की आयर्लंडमध्ये पक्षांनी उघड बाजू घेतली आणि वाद घरोघरी पोचला. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याने २०१० मध्ये वेगळीच युक्ती सुरू केली. सोडतीने निवडलेले वीस-पंचवीस नागरिक सार्वमताचा प्रस्ताव काही दिवस तपासत आणि त्यांचे छोटे निवेदन, बाजूचे आणि विरोधाचे मुद्दे धरून, मतदारांना जाणाऱ्या अधिकृत पुस्तिकेत छापले जाई. तिथे सभा कुठला प्रस्ताव विकत नव्हती, मतदाराला विचार करायला सामान पुरवत होती.

ते पाच महिने पुन्हा आखायचे झाले तर

प्रकरणाचा अभ्यास म्हणून मी तीन ठिकाणी बोट ठेवीन. पहिले म्हणजे सभा अहवालाबरोबर विसर्जित करायची नाही. मतदानापर्यंत सभासदांचे मानधन चालू ठेवायचे आणि वसंतात घेतलेल्या ५० सुनावण्या त्याच गावांत पुन्हा घ्यायच्या. पहिल्या फेरीत लोक बोलले आणि सभासदांनी ऐकले. दुसऱ्या फेरीत सभासदांनी आपली कारणे सांगायची, नमुन्याच्या मतपत्रिका लोकांकडून भरून घ्यायच्या आणि सगळ्यांसमोर मोजायच्या. दुसरे, ‘नाही’ म्हटलेल्या सात जणांना अहवालात स्वतःचे पान द्यायचे, आणि संक्रमणीय मताऐवजी मिश्र पद्धत निवडलेल्या ३१ जणांनाही. त्यांचे आक्षेप खोलीत ऐकले गेले, तपासले गेले, त्यांना उत्तरे दिली गेली. बाहेरच्या मतदाराला ते २००९ मध्ये प्रचाराच्या रूपात प्रथम भेटले, उत्तराशिवाय. तिसरे, सरकार आणि विरोधी पक्ष यांच्यावर लेखी भूमिका मांडण्याचे बंधन घालायचे. तटस्थ राहायचे असेल तर का, हेही लिहून द्यायचे.

५० सुनावण्यांची दुसरी फेरी, सभासदांचे पाच महिन्यांचे मानधन आणि छपाई यांचा खर्च मूळच्या ५५ लाखांत मावला नसता, हे उघड आहे. तो आकडा दुप्पट झाला असता असे धरले तरी प्रांताच्या अंदाजपत्रकात तो चिल्लर ठरला असता. प्रांताने पुढे काय केले? २०१८ मध्ये तिसरे सार्वमत घेतले, टपालाने. त्यासाठी नागरिक सभा बोलावली गेली नाही. मतपत्रिकेवर दोन प्रश्न होते, आणि दुसऱ्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या प्रमाणशीर पद्धतींपैकी पसंती विचारली होती. त्यांतल्या दोन तोवर जगात कुठेच वापरल्या गेलेल्या नव्हत्या. ६१.३ टक्के मतदारांनी जुनीच पद्धत ठेवली.